थ्रीडी प्रिंटेड हाडं: घ्या, पण आधी पिन घालून बघा

आधी निकाल सांगते: बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या, पहिल्या वर्षासाठी सुटं स्फेनॉइड (कवटीच्या तळाचं हाड) आणि मँडिबल (खालचा जबडा) जरूर घ्या. अख्ख्या स्कलवर, म्हणजे कवटीवर, पैसे घालवू नका.

मी डेंटलच्या मुलांना अ‍ॅनाटॉमी शिकवते. गोरेगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात सीटी स्कॅनवरून हाडं प्रिंट करून देतात, सोबत क्यूआर कोडवर उघडणारं अ‍ॅप. तिथून हा सेट मागवला.

दुप्पट आकारातलं स्फेनॉइड झकास आहे. खरं स्फेनॉइड सुटं आणि धड मिळणं म्हणजे नशीबच; त्याची खाली उतरणारी पातळ पट्टी, टेरिगॉइड प्लेट, कुठेतरी उडालेली असतेच. आणि कवटीत ते चहूबाजूंनी अडकलेलं, म्हणून मुलं आकृती घोकतात, हाड बघतच नाहीत. हे हातात धरून फिरवता येतं. नसा-रक्तवाहिन्या जाण्याची भोकं, म्हणजे फोरामेन, ओळीनं दिसतात: पुढे रोटंडम, मागे बाहेरच्या अंगाला ओव्हेल, त्याच्यामागे स्पायनोसम. पण ते स्पायनोसम चक्क बुजलेलं! त्यातून जाणाऱ्या मिडल मेनिंजिअल आर्टरीनं (रक्तवाहिनीनं) जायचं कुठून? प्रिंट करताना आधाराला घातलेलं, आत अडकलेलं सपोर्टचं प्लास्टिक शेवटी साडीच्या पिनेनं कोरून काढलं. गाळ्यावर तक्रार केली तर म्हणे, ‘मॅडम, एवढं बारीक कोण बघतं?’ व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) बाहेरून येणारा परीक्षक बघतो, बाबा.

स्कलची गोम वेगळी. ऑर्बिटच्या, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या, आतल्या भिंतीला दोन-तीन भोकं. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, हे कुठलं फोरामेन?’ कुठलंच नाही. एथमॉइड या हाडाची ती भिंत कागदासारखी पातळ, मिलिमीटरहूनही कमी. सीटीत एवढं पातळ हाड फिकं उमटतं, सॉफ्टवेअर त्याला हवा समजतं आणि प्रिंटर तिथे भोक सोडतो. शिकणाऱ्याच्या हातात असलं मॉडेल देणं धोक्याचं.

मँडिबलवर प्रिंटरचे थर बोटाला लागतात. मायलोहायॉइड लाइन (जबड्याच्या आतल्या बाजूची उंचवट्याची रेघ) दाखव म्हटलं की निम्मी मुलं थरावरच बोट ठेवतात. थर एकमेकांना समांतर असतात, लाइन तिरकी जाते, हे एकदा दाखवावं लागतं.

अ‍ॅपची खरी कमाई इथेच आहे. मीडिअल टेरिगॉइड हा स्नायू लपवला की खालच्या दातांची नस, इन्फिरिअर अल्व्होलर नर्व्ह, रेमसच्या (जबड्याच्या उभ्या भागाच्या) आतल्या बाजूनं उतरून मँडिब्युलर फोरामेनमध्ये शिरताना दिसते. लगेच हातातल्या जबड्यावर त्या फोरामेनजवळचं टोक, लिंग्युला, चाचपायची. ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) देताना सुई नेमकी कुठे पोचवायची हे मुलांना एवढ्या लवकर कळताना मी क्वचितच पाहिलंय. मात्र अ‍ॅपमधली नर्व्ह पिवळीधमक, आर्टरी लालभडक, मध्ये चरबी नाही की फेशियाचा पडदा नाही. यावर विसंबून डिसेक्शनला (मृतदेहाच्या विच्छेदनाला) दांडी मारणाऱ्याला बॉडीवर काहीच ओळखता येत नाही. तिथे सगळं एकाच मळकट रंगाचं. शिवाय आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये रेंज नसते, त्यामुळे मॉडेल घरूनच डाउनलोड करून यावं लागतं.

ऑर्डर देताना थराची जाडी ०.१ मिलिमीटर मागा. नेहमीच्या ०.२ पेक्षा पैसे जास्त पडतात, पण लाइनचा घोळ कमी होतो. डिलिव्हरी घेताना प्रत्येक फोरामेनमधून पिन घालून बघा, मगच पैसे द्या. आणि मटेरियल पीएलए (प्रिंटिंगचं एक प्लास्टिक) असेल तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. साठेक अंशांना ते मऊ पडतं आणि जबडा वाकडा होतो.