वार्षिक सभेतले आश्वासन आणि बंद झालेली तक्रार

बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारक म्हणून आपली तक्रार मांडली, अध्यक्षांनी ती सर्वांसमक्ष ऐकून घेतली आणि "आमचे अधिकारी आपल्याशी संपर्क साधतील" असे सांगितले, की प्रकरण योग्य हाती पोहोचले असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात त्या आश्वासनाच्या आधाराने माझी लेखी तक्रार बंद करून घेण्यात आली, माझ्याकडून विम्याचा आणखी एक हप्ता वसूल झाला आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिच्या अधिकाऱ्यांकडे, दाद मागण्याची मुदत निघून गेली. प्रकरण अद्याप सुरू असल्यामुळे बँकेचे व विमा कंपनीचे नाव येथे देत नाही; पण ज्या पद्धतीने हे घडले ती पद्धत कोणत्याही बँकेत वापरता येण्यासारखी आहे, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

मूळ फसवणूक ओळखीचीच आहे. २०२२च्या सुरुवातीला माझ्या मुदत ठेवीची मुदत संपली, तेव्हा शाखेतील ज्या अधिकाऱ्याकडे माझे खाते सोपवलेले होते त्याने "काकू, याच पैशांची पाच वर्षांची जास्त परताव्याची ठेव करू या" असे सुचवले. सह्या झाल्या. काही दिवसांनी पडताळणीचा फोन येईल आणि त्यात प्रत्येक प्रश्नाला "हो" एवढेच उत्तर द्यायचे, नाहीतर ठेव अडकते, असे त्याने बजावले होते; तो फोन आला तेव्हा तो माझ्यासमोरच बसलेला होता. वर्षभराने हप्ता थकल्याचा संदेश आला आणि जिला मी ठेव समजत होते ती दहा वर्षे दरसाल हप्ता भरायची आयुर्विमा पॉलिसी आहे, हे तेव्हा कळले. पॉलिसी न पटल्यास ती परत करण्याची मुदत त्या काळी कागदी पॉलिसीला १५ दिवस आणि इलेक्ट्रॉनिक पॉलिसीला ३० दिवस होती (२०२४पासून सर्वांना ३० दिवस मिळतात), परंतु माझी पॉलिसी ज्या ईमेल पत्त्यावर पाठवल्याचे दाखवले आहे तो पत्ता माझा नाही. अर्जात तो कोणी भरला, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

२०२३च्या वसंतात मी बँकेकडे लेखी तक्रार केली आणि तिचा क्रमांक घेतला. इथपर्यंत सर्व रीतसर होते. बँकेचे उत्तर येईना, तेव्हा एका परिचितांनी सुचवले की तुमच्याकडे या बँकेचे शेअर आहेत, तर सभेतच विचारा. अध्यक्षांसमोर विषय निघाला की खालची यंत्रणा हलते. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, आणि यंत्रणा खरोखरच हलली, फक्त मला हव्या त्या दिशेने नाही.

सभा दृक्‌श्राव्य पद्धतीने, म्हणजे व्हिडिओद्वारे, होती. अशा सभेत बोलायचे असेल तर सूचनापत्रात दिलेल्या मुदतीत नाव, डीमॅट खात्याचा क्रमांक आणि प्रश्न आगाऊ कळवून वक्ता म्हणून नोंदणी करावी लागते. माझी पाळी येईपर्यंत जे भागधारक बोलले त्यांतील बहुतेकांनी अध्यक्षांचे अभिनंदन केले, कंपनी सचिवांच्या कार्यालयाचे आभार मानले आणि पुढील वर्षीची सभा प्रत्यक्ष भरवावी अशी विनंती केली. या स्तुतीचा उपयोग काय, हे मला आजही कळलेले नाही. शिवाय घरबसल्या इलेक्ट्रॉनिक मतदान करण्याची मुदत सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता संपते, त्यामुळे सभेत कोणी काहीही बोलले तरी बहुतांश मते त्याआधीच पडलेली असतात. मी माझी हकिकत थोडक्यात सांगितली. प्रश्नोत्तरांच्या शेवटी अध्यक्षांनी सगळ्या वक्त्यांना एकत्रित उत्तर देताना, हा वैयक्तिक स्वरूपाचा विषय असून संबंधित अधिकारी मॅडमशी बोलून तो सोडवतील, असे सांगितले. उत्तर सौजन्याचे होते आणि त्यात एकही खोटा शब्द नव्हता. अधिकारी खरेच बोलले.

फोन मुख्य कार्यालयातून आला होता, हे मी नंतर तपासून खात्री करून घेतले. म्हणजे हा बाहेरच्या भामट्यांचा प्रकार नव्हता. बोलणारे गृहस्थ अत्यंत आदराने बोलत होते. अध्यक्षांच्या सूचनेवरून तुमचे प्रकरण विशेष बाब म्हणून हाताळले जात आहे, असे सांगून त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली अशी की सामान्य तक्रार विभागातील नोंद आणि विशेष प्रकरण एकाच वेळी चालू ठेवता येत नाही, म्हणून बँकेकडून येणाऱ्या संदेशातील दुव्यावर "निवारण झाले" हा पर्याय निवडावा. दुसरी अशी की हप्ता न भरल्यामुळे पॉलिसी बंद पडली आहे आणि बंद पॉलिसीवर परताव्याचा प्रस्ताव विमा कंपनी स्वीकारत नाही, म्हणून थकलेला हप्ता भरून ती आधी चालू करून घ्यावी. नंतर दोन्ही हप्ते एकत्रच परत मिळतील. मी दोन्ही गोष्टी केल्या. त्यांतील एकही गोष्ट त्यांनी लिहून दिलेली नव्हती.

पहिल्या सूचनेचा अर्थ मला फार उशिरा समजला आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मोठ्या बँकांना अंतर्गत लोकपाल नेमावा लागतो, आणि बँक जी तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळणार असेल ती अंतिम उत्तर देण्यापूर्वी या अंतर्गत लोकपालाच्या नजरेखालून जावी लागते. माझी तक्रार फेटाळली गेली असती तर बँकेतीलच, पण त्या शाखेच्या आणि विभागाच्या साखळीबाहेरच्या एका व्यक्तीने तो अर्ज, पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण आणि तो परका ईमेल पत्ता पाहिला असता. ग्राहकानेच "निवारण झाले" असे कळवलेली तक्रार त्या टेबलापर्यंत जात नाही. बँकेच्या दफ्तरी माझे समाधान झालेले आहे, आणि तसे सांगणारी मीच आहे.

त्यानंतर अनेक महिने "फाइल विमा कंपनीकडे गेली आहे", "लेखापरीक्षण चालू आहे", "तिमाही संपू द्या" अशी उत्तरे मिळत राहिली. फोन नेहमी उचलला जात असे आणि बोलणे नेहमी गोड असे, म्हणून संशय येण्यास विलंब लागला. अखेर २०२४च्या उत्तरार्धात मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, २०२१खाली तक्रार नोंदवली. त्या योजनेप्रमाणे आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागत असे. बँकेने ती फेटाळली, उत्तर समाधानकारक दिले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर लोकपालांकडे जाता येत असे, मात्र बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि उत्तर न मिळाल्यास मूळ तक्रारीपासून एक वर्ष व ३० दिवसांच्या आत. बँकेने आपले "उत्तर" म्हणून निवारणाची ती नोंद पुढे केली. तिच्या तारखेपासून वर्ष उलटून गेले होते. सभेत मी जे बोलले ती लेखी तक्रार ठरत नाही, आणि नंतरचे फोन तर कुठेच नोंदलेले नाहीत. माझी तक्रार मुदतबाह्य म्हणून बंद झाली.

सभेत बोलल्याचा तरी पुरावा हाती असावा म्हणून मी सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागितली. कंपनी कायदा, २०१३च्या कलम ११९नुसार सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा आणि त्याची प्रत मागण्याचा हक्क प्रत्येक भागधारकाला आहे. मागील तीन आर्थिक वर्षांतील सभांच्या इतिवृत्ताची इलेक्ट्रॉनिक प्रत विनामूल्य मिळते. प्रत मिळाली. तिच्यात माझ्या प्रकरणाचा शब्दही नव्हता. काही सदस्यांनी ग्राहकसेवेविषयी विचारणा केली व अध्यक्षांनी योग्य ते स्पष्टीकरण दिले, एवढेच एक वाक्य होते. हे नियमबाह्यही नाही. विषयाशी असंबद्ध किंवा गौण वाटणारा मजकूर इतिवृत्तात न घेण्याचा अधिकार कलम ११८ अध्यक्षांना देते, आणि एका भागधारकाचे ग्राहक म्हणून असलेले गाऱ्हाणे असंबद्ध ठरवणे त्यांना अवघड नाही.

सगळ्या गुंत्याचे मूळ इथेच आहे. ज्या बँकेत खाते तिचेच शेअर, असे असले की माणसाला आपले वजन दुप्पट वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने भागधारक आणि ग्राहक या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत, मग त्या एकाच देहात का असेनात. लाभांश मिळाला नाही, शेअर नावावर झाले नाहीत, तर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रार नोंदवण्याच्या व्यवस्थेकडे जायचे. तेथे ठेवीचे किंवा विम्याचे गाऱ्हाणे चालत नाही. खाते, ठेव, कर्ज, बँकेने गळ्यात मारलेले उत्पादन, यांसाठी आधी बँक आणि मग रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. पॉलिसीबद्दल विमा कंपनी आणि मग विमा लोकपाल. याशिवाय ग्राहक आयोग आहेच. तेथे वादाचे कारण घडल्यापासून साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. वार्षिक सभा यांपैकी कशाचीच जागा घेत नाही आणि, ज्यामुळे मी नुकसानीत आले ती बाब म्हणजे, सभेतल्या आश्वासनामुळे यांपैकी एकाही मुदतीचे घड्याळ थांबत नाही.

सभेत बोलूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. बोलायचे तर भागधारकाचा प्रश्न विचारावा, जो "वैयक्तिक" म्हणून बाजूला सारता येत नाही. बँकेच्या वार्षिक अहवालात, हिशेबांच्या टिपांमध्ये, वर्षभरात ग्राहकांच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती बँकेने फेटाळल्या, लोकपालांकडून किती ग्राह्य तक्रारी आल्या आणि तक्रारींची प्रमुख पाच कारणे कोणती, याचा तक्ता द्यावा लागतो. जानेवारी २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने हा तपशील अधिक सविस्तर केला. त्याच टिपांमध्ये विमा विक्रीतून बँकेला मिळालेल्या शुल्काचा व कमिशनचा आकडाही असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून, "निवारण झाले" म्हणून बंद झालेल्या तक्रारींपैकी किती प्रकरणांत ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे परत मिळाले, असे विचारले तर तो सभेपुढील पहिल्याच विषयाचा, म्हणजे वार्षिक हिशेबांचा, भाग होतो. प्रश्न ईमेलने आगाऊ पाठवावा, म्हणजे तो विचारला गेल्याची नोंद आपल्याजवळही राहते. आपली स्वतःची तक्रार त्याच वेळी स्वतंत्रपणे, लेखी, चालू ठेवावी आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत तिच्या समाप्तीला कोणत्याही दुव्यावर, फोनवर किंवा सांकेतिक आकड्याने (ओटीपीने) संमती देऊ नये. कोणी सभेचा, अध्यक्षांचा किंवा विशेष प्रकरणाचा हवाला देत असेल, तर तेच म्हणणे बँकेच्या अधिकृत ईमेलवरून मागावे. माझ्या वेळी तसे मागितल्यावर काय झाले असते, याचा अंदाज मी आता करू शकते. डीमॅट क्रमांक, खाते क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक सभेत मोठ्याने वाचून दाखवू नयेत. अशा सभांचे ध्वनिचित्रमुद्रण होते आणि अनेक कंपन्या ते संकेतस्थळावरही ठेवतात.

थकलेला हप्ता भरण्याची सूचनाही खोटी होती, हे विमा कंपनीकडूनच कळले. चुकीची माहिती देऊन विकलेल्या पॉलिसीची तक्रार स्वीकारण्यासाठी ती पॉलिसी चालू असावी लागते, असा काही नियम त्यांच्याकडे नाही. दुसरा हप्ता भरला जावा यात कोणाचा फायदा होता, हे सांगायला नको. पॉलिसी पहिल्याच वर्षी बंद पडली तर विकणाऱ्याच्या नावावर डाग लागतो.

माझ्यासाठी एक दार उघडे राहिले, तेही योगायोगाने. मी सर्व तक्रारी बँकेकडेच केल्या होत्या, विमा कंपनीला स्वतंत्रपणे काहीच लिहिले नव्हते. त्यामुळे तिच्याकडची मुदत सुरूच झालेली नव्हती. कंपनीला लेखी तक्रार केली, तेव्हा तिने स्वाक्षरी केलेला अर्ज आणि पडताळणीच्या फोनमधील माझा होकार यांचा दाखला देऊन ती फेटाळली. हे फेटाळल्याचे पत्र मी जपून ठेवले, कारण त्याच पत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते, आणि मी गेले आहे. सुनावणीसाठी मी पडताळणीच्या फोनचे पूर्ण ध्वनिमुद्रण आणि मूळ अर्जाची प्रत मागितली होती. अर्जाची प्रत आली आहे. बँकेने विमा विकताना तो विकण्यास पात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याचा संकेतांक अर्जावर घालावा लागतो. माझ्या अर्जावर जो संकेतांक आहे तो माझ्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याचा नसून, ज्या कर्मचाऱ्याला मी कधी पाहिलेलेही नाही अशा दुसऱ्याच व्यक्तीचा आहे. ध्वनिमुद्रण अजून यायचे आहे.