बालशिक्षिकेचं प्रमाणपत्र, वर्गात उतरल्यानंतर: सगळं निरीक्षण वहीपाशी येऊन अडतं

गेल्या आठवड्यात माझ्या निरीक्षण वह्या, म्हणजे मुलं काय करतात ते टिपायच्या वह्या, परत मिळाल्या. बालशिक्षिकेच्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम संपताना संस्थेकडे जमा केल्या होत्या आणि तेव्हापासून मी त्या मागत होते. मेल केली, फोन केले, पुन्हा मेल केली. ‘जमा केलेलं साहित्य परत द्यायची पद्धत नाही’ एवढंच उत्तर यायचं. शेवटी पाकीट आलं. उघडून पाहिलं तर आतल्या एकाही पानावर पेनाची खूण नाही. रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही, ‘हे तुम्हाला कशावरून वाटलं?’ असं कुणी समासात विचारलेलं नाही. शेवटच्या पानावर शिक्का, सही आणि श्रेणी. श्रेणी चांगली आहे, पण ती कशाची दिली ते मला कळलेलं नाही, कारण वही कुणी वाचलेलीच नाही.

रागाच्या भरात लिहायला बसले हे खरं. पण वर्ग सांभाळायला लागून आता बरेच महिने झालेत आणि या प्रमाणपत्रातलं काय रोज कामी येतं, काय कपाटात पडून राहतं, हे सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे. अभ्यासक्रमात काय काय असतं ते इथे येणाऱ्यांना ठाऊकच असणार: बालविकास, खेळातून शिक्षण, आरोग्य आणि सुरक्षितता, साधननिर्मिती, पालकांशी संवाद, सराव पाठ. ते पुन्हा सांगत नाही.

आधी निर्विवाद चांगलं ते सांगते. प्रथमोपचाराचा भाग एकट्याने सगळ्या फीचं मोल देतो. घशात काही अडकलं तर 1 वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीवर 5 दाब. पोटावर दाब द्यायचा तो 1 वर्षावरच्या मुलालाच. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही. आमच्या बाईंनी हे बाहुलीवर इतक्या वेळा करून घेतलं की आता विचार न करता हात तसे वळतात. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीची युक्तीही त्यांचीच: त्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती 3 वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. वर्गात रुजू झाल्यावर पहिलं काम मी हेच केलं. खेळण्यांची टोपली घेऊन बसले आणि एकेक वस्तू नळीतून घालून पाहिली. निम्मी टोपली वरच्या फळीवर गेली. लक्षात ठेवा, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र साधारण 2 वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. ते टाळू नका, बाकी कशावर पैसे वाचवायचे असतील तर वाचवा.

साधननिर्मितीबद्दल माझं मत पार बदललंय. अभ्यासक्रम चालू असताना मी प्रत्येकाला सांगायचे की हाच सर्वांत उत्तम भाग आहे. रंगीत कार्डशीट, फेल्टचे प्राणी, लॅमिनेट केलेल्या जोड्या लावायच्या चकत्या यांवर रात्री जागवल्या आणि पैसे घातले. आज त्यातलं फार थोडं वर्गात टिकलंय. मुलं जातात ती डब्यांच्या झाकणांच्या टोपलीकडे, पाणी ओतायच्या पेल्यांकडे आणि ठोकळ्यांकडे. ज्या साधनाचा एकच उपयोग आहे आणि तो मोठ्यांनी आधीच ठरवून दिलाय, ते मूल एकदा वापरतं आणि सोडून देतं. आता शिकत असाल तर साधनांच्या गुणांपुरतं करा, त्यापुढे एक पैसाही घालू नका. उरलेले पैसे चांगल्या लाकडी ठोकळ्यांवर घाला.

याच्या उलट, सैद्धांतिक भागावर मी तेव्हा चिडले होते. अमेरिकन अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 साली मुलांच्या खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले, ते क्रमाने पाठ करून लिहायचे. पाठ केले, लिहिले, गुण मिळाले. पुढे वर्गात एक मुलगा आला. ठोकळ्यांच्या कोपऱ्याजवळ उभा राहायचा. हात लावायचा नाही, बोलायचा नाही, पण तिथून हलायचाही नाही. मदतनीस ताई म्हणाल्या, ‘लाजाळू आहे, हाताला धरून बसवा.’ मला ते सहा प्रकार आठवले. त्यातला एक प्रकार म्हणजे शेजारी उभं राहून इतरांचा खेळ बघणं, आणि तो खेळातल्या सहभागाचाच प्रकार मानलाय. म्हणून मी त्याला ओढून बसवलं नाही, नुसतं लिहीत गेले. तो कुणाकडे बघतो, ओठ हलतात का, कधी एक पाऊल पुढे येतो. काही दिवसांनी तो इतरांच्या शेजारी बसून स्वतःचा वेगळा मनोरा रचायला लागला. त्यानंतर एकदा शेजारच्या मुलीचा मनोरा पडला तेव्हा त्याने आपले दोन ठोकळे तिच्याकडे सरकवले. हे सगळं माझ्या नोंदीत आहे. नोंद नसती तर मी त्याला ‘लाजाळू’ म्हणून मोकळी झाले असते आणि पालकांनाही तेच सांगितलं असतं.

तर मुद्दा निरीक्षण वहीचा. मला कळतंय की एका अभ्यासक्रमाच्या परीक्षणात एका वहीबद्दल इतकं लिहिणं प्रमाणाबाहेर वाटेल, तरी लिहिणारच. या प्रमाणपत्रातून वर्गात रोज, दर तासाला वापरलं जाणारं कौशल्य हे एकच आहे आणि नेमकं तेच सर्वांत निष्काळजीपणे शिकवलं जातं.

निरीक्षणाचा नियम ऐकायला सोपा आहे: जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते लिहू नका. ‘तिने रागाने खेळणं फेकलं’ ही नोंद नाही. ‘तिने डाव्या हाताने गाडी उचलून दाराकडे टाकली, मग दाराकडे बघत उभी राहिली’ ही नोंद. दुसरं वाक्य लिहिलं की लगेच प्रश्न पडतो, दारात कोण होतं? पहिलं लिहिलं की प्रश्नच संपतो, मूल रागीट ठरतं.

आमच्याकडे एक मुलगी चावायची. सगळे म्हणायचे, कधीही चावते, काही सांगता येत नाही. मी तीन रकाने आखले: आधी काय चाललं होतं, तिने काय केलं, मग काय झालं. पान भरत गेलं तसं पहिल्या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. खेळ आवरायची घंटा. ती काहीतरी अर्धवट करत असायची आणि कुणीतरी येऊन तिच्यासमोरचं उचलायला लागायचं. मग मी घंटेच्या थोडं आधी तिच्याजवळ बसून सांगायला लागले, ‘अजून दोन ठोकळे, मग आवरायचंय, तुझं तू ठेव.’ चावणं एकदम थांबलं नाही, पण कमी होत गेलं आणि तेही वहीतच दिसलं. यात शिक्षा नव्हती, समजावणी नव्हती, पालकांना बोलावून तक्रारही नव्हती.

या विषयातलं जे काही आपण परीक्षेसाठी पाठ करतो ते बहुतेक अशा बघण्यातूनच आलेलं आहे. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. लाकडी दट्टे भोकांत बसवणाऱ्या एका लहान मुलीची गोष्ट त्या सांगतात. ती पुन्हा पुन्हा, चाळीसहून अधिक वेळा, तेच करत राहिली. आजूबाजूला गाणी झाली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी ती थांबली नाही. लहान मुलाचं चित्त टिकत नाही हा समज त्या बघण्याने मोडला. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे स्वतःच्या तीन मुलांच्या नोंदी ठेवत होते. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा त्यांना दिसलं की मुलं बालवाडीपर्यंत येतच नाहीत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. मूल कुठे आहे, काय करतंय, हे आधी नीट बघितल्याशिवाय यातलं काही सुचणारच नव्हतं. आमच्या पुस्तकात ही नावं सनावळीसकट होती. ती माणसं बघत कशी होती, हे मात्र एका ओळीत उरकलेलं होतं.

आता दोष मोजून सांगते. पहिला, नोंदीचा नमुना एका मुलाला समोर ठेवून केलेला आहे. सराव पाठाच्या वेळी आपण कोपऱ्यात खुर्ची टाकून एकाच मुलाकडे बघतो, पानभर लिहितो. नोकरीत खोलीभर मुलं असतात, एकाला शी करायची असते, दुसऱ्याच्या नाकातून पाणी येत असतं. अमेरिकेतल्या एनएईवायसीसारख्या बालशिक्षणाचे निकष सांगणाऱ्या संस्था 4 वर्षांच्या मुलांसाठी एका मोठ्या माणसामागे 10 मुलं म्हणतात, आणि तेवढ्यातसुद्धा पानभर लिहिणं होत नाही. चालता चालता चार शब्दांत कसं टिपायचं, हे कुणीतरी शिकवायला हवं होतं. मी आता अ‍ॅप्रनच्या खिशात चिठ्ठ्या ठेवते. सकाळी दोन-तीन मुलांची नावं ठरवते, क्रियापदं तेवढी लिहिते आणि मुलं घरी गेली की त्याच दिवशी चिठ्ठ्या वहीत उतरवते. दुसऱ्या दिवसावर टाकलं की त्यात आपलं मत मिसळतं. हे मला सहकारी ताईंकडून मिळालं.

दुसरा दोष तासांच्या वाटणीचा. अमेरिकेतल्या सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) या बालशिक्षिकांच्या प्रमाणपत्राला 120 तासांचं शिक्षण लागतं आणि मुलांसोबतचा प्रत्यक्ष अनुभव 480 तासांचा. म्हणजे वर्गात बसून ऐकण्याच्या चौपट वेळ मुलांमध्ये. माझ्या अभ्यासक्रमात पारडं उलट बाजूला झुकलेलं होतं. आणि जे थोडे तास होते त्यांचा तक्ता परत आला, कारण पर्यवेक्षकांनी दर आठवड्याला सही केली होती, दर दिवसाला नाही. त्या सह्यांसाठी मला पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या. ज्या संस्थेला सहीचा रकाना इतक्या बारकाईने तपासता येतो, तिला वहीतलं एक पानही वाचता येऊ नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कारण नोंद सुधारते ती कुणीतरी वाचल्यावरच. स्वतःचं मत आपल्याला वस्तुस्थितीसारखंच दिसतं. दुसऱ्याने ‘हट्टी’ या शब्दाखाली रेघ मारली की मग डोळे उघडतात. आम्ही दोघीतिघी ताई आता महिन्यातून एकदा वह्यांची अदलाबदल करतो आणि अशा शब्दांखाली रेघा मारतो. माझ्या नोंदी खऱ्या अर्थाने तिथून पुढे नीट झाल्या.

पालकसभेतही हीच वही कामी येते. ‘अजून लिहीत कसा नाही?’ हा प्रश्न ठरलेला. मूल आधी खडू मुठीत धरतं, मग बोटांत, आणि तीन बोटांची पकड साधारण 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान बसते, हे पुस्तकातून सांगितलं तर पालक मान हलवतात आणि घरी जाऊन पाटी गिरवून घेतात. पण त्यांच्याच मुलाची नोंद वाचून दाखवली की चित्र बदलतं. जूनमध्ये कात्री दोन्ही हातांनी धरत होता, सप्टेंबरमध्ये एका हाताने कागदाची कड कापली, आता वळणावरून कापतो आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवतो. एका बाबांनी ते पान मोबाइलवर फोटो काढून नेलं. त्यानंतर त्यांनी लिखाणाबद्दल विचारलं नाही, कातरकामासाठी घरी काय देऊ ते विचारलं.

मग प्रमाणपत्र घ्यावं का? नोकरीसाठी ते मागतात, त्यामुळे घ्यावंच लागेल, आणि प्रथमोपचार, बालविकास आणि सुरक्षितता यांसाठी ते घेण्यासारखंही आहे. फक्त पैसे भरण्याआधी संस्थेला थेट विचारा: मुलांसोबतचे तास किती? ते चालत्या वर्गात की एकमेकींसमोर केलेले सराव पाठ? तासांच्या तक्त्यावर सही कुणाची आणि कधी लागते, ते लेखी द्याल का? आणि निरीक्षण वही कोण वाचणार, त्या व्यक्तीने स्वतः लहान मुलांचा वर्ग घेतलाय का? शेरे मारलेली एखादी जुनी वही, नाव झाकून, दाखवायला सांगा. दाखवली तर फी थोडी जास्त असली तरी तिथे जा.

मला त्याच संस्थेकडून प्रगत पदविकेचं बोलावणं आलंय, माजी विद्यार्थिनी म्हणून सवलतीसकट. वरचा शेवटचा प्रश्न मी त्यांना लेखी विचारला होता. उत्तरात हप्त्यांचं वेळापत्रक आलं. मी प्रवेश घेत नाहीये. प्रथमोपचाराचं नूतनीकरण दुसरीकडे करणार आहे आणि वह्यांच्या अदलाबदलीत शेजारच्या बालवर्गातल्या दोन ताई पुढच्या महिन्यापासून येतायत.