टेम्परा रंगाच्या वड्या: आठ रंगांचा संच घ्या, सोबतचा ब्रश बाजूला ठेवा

प्राथमिकच्या वर्गासाठी रंग निवडताना तीन पर्याय असतात: बाटलीतला तयार पोस्टर कलर, पावडर आणि टेम्पराच्या, म्हणजे ओल्या ब्रशने घासून वापरायच्या पाण्याच्या रंगाच्या, वाळक्या वड्या. बाटलीतून मुलं हवा त्याच्या तिप्पट रंग ओततात आणि उरलेला बेसिनमध्ये जातो. पावडर कालवताना धूळ उडते, शिवाय दाटपणा दर वेळी वेगळा येतो. ३५-४० मिनिटांच्या तासाला वडीच परवडते, कारण मांडायला आणि आवरायला पाच-पाच मिनिटं पुरतात.

इथे विचार केला आहे तो ५७ मिमी व्यासाच्या गोल वड्यांच्या संचाचा. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये खाचा आणि खाचांत वड्या. चार मुलांमागे एक ट्रे. ४४ मिमीच्या लहान वड्याही मिळतात, पण त्यांवर जाड ब्रश नीट फिरत नाही.

संच कुठला घ्यायचा, यात खरी गोम आहे. बारा रंगांचा संच भरगच्च दिसतो, पण त्यात तयार हिरवा, जांभळा, तपकिरी असतो आणि मग रंग मिसळायची वेळच येत नाही. त्यापेक्षा आठ रंगांचा घ्या: लिंबी पिवळा, हळदी पिवळा, शेंदरी, किरमिजी, मोरपिशी, गर्द निळा, पांढरा आणि काळा. प्रत्येक मूळ रंगाच्या (पिवळा, तांबडा, निळा) यात दोन छटा आहेत, दोन वेगळ्या बाजूंना झुकलेल्या. शेंदरीत मोरपिशी घातला तर जांभळ्याऐवजी मातकट तपकिरी येतो, कारण शेंदरी पिवळ्याकडे झुकलेला आणि मोरपिशी हिरव्याकडे. म्हणजे तिन्ही मूळ रंग एकाच थेंबात आले. किरमिजी आणि गर्द निळा मिसळून पाहा, जांभळा स्वच्छ येतो. लिंबी आणि मोरपिशीचा पोपटी असाच लखलखीत, तर हळदी आणि गर्द निळ्याचा हिरवा जुन्या पानासारखा. मुलांना हे सांगू नका. दोन पिवळे, दोन निळे देऊन चार चौकोनांत चार हिरवे करायला लावा. तिसरीतलं मूलसुद्धा मग झाडाला एकच हिरवा फासत नाही.

हिरवा करताना पॅलेटवर आधी पिवळा, मग ब्रशच्या टोकावर येईल एवढाच निळा. क्रम उलटला की निळ्याला हलवता हलवता पिवळी वडी झिजते. फिकट छटेलाही हाच नियम: आधी पांढरा, मग रंग. सगळ्यात आधी संपते ती पांढरी, म्हणून ती सुटी मिळत असेल तर दुप्पट घेऊन ठेवा. काळी वडी पहिले काही तास ट्रेमधून काढूनच ठेवावी. ती समोर असली की गडद करणं म्हणजे काळा घालणं, एवढंच मुलं शिकतात.

संचासोबत येणारा बारीक नायलॉनचा ब्रश मात्र निरुपयोगी आहे. मूल तो उभा धरून वडीच्या मधोमध गिरमिटासारखा फिरवतं. थोड्याच दिवसांत तिथे खड्डा पडतो, त्यात पाणी साचतं आणि कडेचा रंग तसाच कोरडा राहतो. राठ केसांचा १० किंवा १२ नंबरचा चपटा ब्रश आणि ६ नंबरचा गोल ब्रश वेगळे घ्या. चपटा ब्रश आडवा धरून वडीच्या पूर्ण पृष्ठभागावर फिरवायचा.

तास सुरू होण्याआधी पाच मिनिटं प्रत्येक वडीवर पाण्याचे आठ-दहा थेंब टाका. त्याहून जास्त घातलंत तर वर गढूळ तळं साचतं आणि कागदावर रंग फिका उतरतो. त्यानंतरचा क्रम पाणी, फडकं, वडी, पॅलेट. ‘रंग पांचट येतो’ या तक्रारीचं कारण नव्वद टक्के वेळा फडकं गाळलेलं असतं: निथळता ब्रश थेट वडीवर गेलेला असतो. पिवळी वडी मळली तर ओल्या स्पंजने वरचा थर टिपून घ्या, खालची स्वच्छ निघते. आणि ब्रश पाण्याच्या डब्यात उभा राहू देऊ नका. केस वाकतात, लाकडी दांडा फुगतो आणि केस धरून ठेवणारी पत्र्याची टोपी सैल होते.

कागद १२० ते १५० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हवा. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद ओला झाला की लाटांसारखा फुगतो, रंगाचा दुसरा हात देताना भोक पडतं आणि दोष रंगाला लागतो.

उणिवाही आहेत. बाटलीतल्या रंगाइतका हा झाकत नाही. गडदावर पिवळा देऊ पाहिलात तर खालचा डोकावतो. जाड थर वाळल्यावर तडकतो, कागद वाकवला की खपल्या पडतात, म्हणून घडीकामाच्या किंवा मुखवट्याच्या कागदाला तो नको. भित्तिचित्रासाठी वडी घासत बसणं म्हणजे शिक्षाच; तिथे बाटलीच बरी. मेणखडूवर रंगाचा हात द्यायचा तर खूप पातळ करा, नाहीतर मेणही झाकलं जातं.

ओल्या ट्रेला लगेच झाकण लावलं की बुरशी धरते. रात्रभर उघडा ठेवा, पण उन्हात नको. पटकन वाळलेली वडी भेगाळते. तुटलेले तुकडे रंगवार बरण्यांत जमवून बुडतील एवढ्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळलं की मोठ्या कामाला पातळ रंग तयार.

वेष्टनावर ‘एएसटीएम डी-४२३६’ हे अमेरिकी मानक छापलेलं असलं म्हणून रंग बिनविषारी ठरत नाही. दीर्घकालीन धोके तपासून आवश्यक त्या सूचना लेबलवर दिल्या आहेत, एवढंच ते सांगतं. त्यासोबत ‘ईएन ७१-३’ हे युरोपीय मानक आहे का ते पाहा. ते खेळण्यांच्या सामग्रीतून शिसं, कॅडमियमसारखी घातक मूलद्रव्यं किती बाहेर पडू शकतात यावर मर्यादा घालतं. ‘धुता येणारा’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. किरमिजीचा डाग सगळ्यात चिवट. कपडा आधी साध्या थंड पाण्यात भिजवा, साबण नंतर.