एकच ऑफ तास आहे, तर ल शाँबाँ सांगायचं की ॲमस्टरडॅम?

नाझींच्या ताब्यातल्या युरोपात साध्या माणसांनी ज्यू मुलं कशी लपवली हे वर्गात सांगायचंय आणि हातात एकच तास आहे, तर कोणती गोष्ट घ्यायची? मी दोन्ही सांगून बघितल्यात म्हणून लिहितेय.

ल शाँबाँ-सुर-लिन्यों म्हणजे फ्रान्सच्या डोंगरातलं, जवळपास १००० मीटर उंचीवरचं प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचं गाव. धर्मापायी आपल्या पूर्वजांचा छळ झालेला त्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलेला, त्यामुळे पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांची बायको माग्दा यांनी हाक दिल्यावर दारं उघडली. फ्रान्समधल्याच गुर्स, रिव्हसाल्तसारख्या कैद्यांच्या छावण्यांतून मदत संस्थांनी सोडवून आणलेली मुलं इथे वसतिगृहांत, शेतघरांत राहिली, शाळेत गेली, पोलीस येताहेत कळलं की रानात पळायची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस बसेस घेऊन आले, त्रोक्मेंनी लपलेल्या ज्यूंची नावं दिली नाहीत आणि बसेस जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या.

लहान वर्गाला हे पटकन कळतं. पण परीकथा होऊ देऊ नका, १९४३ च्या जूनमध्ये धाड पडली, विद्यार्थ्यांसोबत वसतिगृह सांभाळणारे, पाद्रींचे नातेवाईक डॅनियल त्रोक्मेही पकडले गेले आणि १९४४ मध्ये पोलंडमधल्या मायदानेकच्या नाझी छावणीत मेले, ते सांगाच. आणि किती लोक वाचले याचे आकडे वेगवेगळे मिळतात, त्यावर वेळ घालवू नका.

ॲमस्टरडॅममध्ये गाव नाही, एक रस्ता आहे. एका बाजूला थिएटर, १९४२ पासून तिथे ज्यू कुटुंबांना छावणीत पाठवायच्या आधी कोंडून ठेवायचे, आणि समोर पाळणाघर, तिथे त्यांची लहान मुलं. मधून ट्राम जायची. ट्राम आली की थिएटरच्या दारावरच्या पहारेकऱ्याला पलीकडचं दिसायचं नाही, तेवढ्यात मूल बाहेर! कोणी पाठीवरच्या पिशवीत, कोणी कपड्यांच्या टोपलीत, कोणी मागच्या कुंपणावरून शेजारच्या अध्यापक विद्यालयात, तिथे मुख्याध्यापक योहान फान हुल्स्ट मुलं लपवायचे. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, थिएटरमध्ये कोंडलेल्यांच्या यादीतून मुलांची नावं गायब करणारे वॉल्टर सुसकिंड, आणि मुलांना फ्रीसलंड-लिम्बुर्ग या लांबच्या प्रांतांतल्या घरांपर्यंत पोचवणारे तरुण विद्यार्थी, सगळ्यांनी मिळून साधारण ६०० मुलं वाचवली. पिमेंटेल आणि सुसकिंड दोघेही वाचले नाहीत.

इथे आईबापांची परवानगी घ्यायचे, आणि ते तर समोरच होते. माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, आई नाही म्हणाली तर?" मला जे खरं तेच सांगावं लागलं, मग ते मूल आईबरोबर जायचं. १९४३ च्या सप्टेंबरात पाळणाघर रिकामं करायची वेळ आली तेव्हा फान हुल्स्टना उरलेल्या मुलांतून फक्त बारा नेता आली, आणि तेराव्याला का नाही नेलं हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही. २०१८ मध्ये १०७ व्या वर्षी ते वारले.

माझं मत स्पष्ट आहे, पाचवी-सहावीला शाँबाँ, नववीला ॲमस्टरडॅमच घ्या. फळ्यावर आधी रस्ता काढा, थिएटर, ट्राम, पाळणाघर, मग बोलायला लागा. आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवा, बारा मुलांचं सांगून झालं की वर्ग थोडा वेळ गप्प होतो आणि मगच प्रश्न यायला लागतात, तेवढ्यात बेल व्हायला नको.