खरवसवालीने खाल्लेलं ताउहुए

भाची सिंगापूरहून दिवाळीला आली ती बॅगेत दोन वस्तू घेऊन. एक चकचकीत डबा, वर पुडिंगचा फोटो. दुसरी पांढऱ्या भुकटीची साधी पिशवी. "मावशी, तू खरवस करतेस ना? मग हे दोन्ही करून बघ आणि खरं खरं सांग." तिकडे याला ताउहुए म्हणतात. सोयाबीनचं दूध थिजवायचं आणि वर साखरेचा पाक घालून खायचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी वीस वर्षं घरून खरवस करून देते, त्यामुळं थरथरणाऱ्या पदार्थांवर बोलायचा थोडा हक्क मला आहेच.

आधी डबा, कारण त्याला कष्ट नाहीत. भुकटी गरम पाण्यात ढवळायची, वाट्यांत ओतायची, दोन तास फ्रिजमध्ये. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई) माळकरी, म्हणून भाचीने आधी बारीक अक्षरं वाचून जिलेटिन नाही ना ते बघितलं. नव्हतं. समुद्री शेवाळातून काढतात ते कॅराजीनन होतं, म्हणजे चायना ग्रासचं भावंड. बाकी सोया पावडर, दूध पावडर, साखर. दिसायला एकदम देखणं! वाटी पालथी केली तर कड न मोडता अख्खं बाहेर. पण चवीला वितळलेलं व्हॅनिला आइस्क्रीम. सोयाबीन त्यात आहे हे डब्यावर वाचूनच कळायचं. हल्ली चिकाचा थेंबही न घालता चायना ग्रास आणि कंडेन्स्ड मिल्कवर जमवलेला 'खरवस' मिळतो, त्याच घरातलं हे. नातवाने दोन वाट्या खाल्ल्या, हेही सांगायला पाहिजे.

पिशवीत जिप्सम होता. हो, गणपतीच्या मूर्तींचं पीओपी ज्याच्यापासून करतात तोच, फक्त खाण्याच्या प्रतीचा. आत्यांनी हे ऐकलं आणि "कुंभार गल्लीतनं आणलंय काय गं हे?" म्हणून लांब सरकून बसल्या.

सोयाबीन माहेरच्या रानातलं, फुले संगम. गंमत बघा, शेजारच्या सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण आमच्याकडं पोत्यांनी पिकतं, पण माझ्या भावाने आजवर त्यातला एक दाणा खाल्लेला नाही. सगळं बाजारात. पाव किलोला थोडं कमी घेतलं, रात्रभर भिजवलं, मिक्सरला वाटलं, पंचातनं पिळून दीड लिटरच्या आसपास दूध काढलं. हे दूध गाई-म्हशीच्या दुधापेक्षा लबाड. शांत दिसतं आणि एकदम फसफसून वर येतं. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं तरी ठेवायचं, नाहीतर कच्च्या शेंगेचा उग्र वास जात नाही. चोथा धपाट्यात गेला.

पहिला घाणा माझ्या शहाणपणाने बिघडला. जिप्सम पाण्यात कालवून दुधात घातला आणि सवयीने डाव फिरवत बसले. फुटलं! पनीरसारखे कण आणि पाणी. दुसऱ्या वेळी भाचीने डाव हातातनं काढूनच घेतला. पातेल्याच्या तळाशी जिप्सम आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून ठेवायचं, गरम दूध उंचावरनं एका दमात ओतायचं, वरचा फेस काढायचा, झाकायचं आणि वीस मिनिटं हातही लावायचा नाही.

झाकण काढलं तेव्हा मी गप्पच झाले. ते थिजलं होतं, पण वडी पडणार नाही इतकं नाजूक. तिकडे पसरट डावाने पातळ पापुद्रे काढून वाटीत घालतात, तसे काढले. जिभेवर ठेवलं की चावायच्या आत नाहीसं. भिजवलेल्या दाण्याचा हलका गोडसर वास मागं राहतो. खरवसात चिकातली प्रथिनं वाफेवर आपली आपण घट्ट होतात, इथं सोयाबीनची प्रथिनं जिप्सममुळं एकमेकांना धरतात. डब्यातल्या जेलीला सोयाबीनची गरजच नाही, ती पाण्यालाही धरेल. माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

पाकाला भाची साखर म्हणत होती. मी ऐकते होय! कोल्हापुरात राहून साखर? काळपट, बिनहायड्रोसचा (रंग उजळायची पावडर न घातलेला) गूळ आणि ठेचलेलं आलं उकळून गाळलं. कोमट ताउहुएवर तो पाक असा काही उतरला की आत्या जवळ आल्या आणि त्यांनी वाटी मागून घेतली. फिलिपिन्समध्ये याचाच भाऊ 'ताहो', गुळासारख्या पाकात साबुदाणे घालून, सकाळी कावडीवरनं ओरडत विकतात म्हणे. मग आमच्याही एका वाटीत शिजवलेला साबुदाणा पडला. तो मला नाही आवडला, घास लांबतो.

उणं काय? दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, फ्रिजमध्ये ठेवून चव मरते. म्हणजे विकायला कठीण, मी हिशेब करून बघितलाच. डबा सहा महिने टिकतो. पाहुणे अचानक आले तर तो उघडेन, पाक मात्र गुळाचाच घालेन.

संध्याकाळी मालक आले, त्यांना गोड चालत नाही. त्यांनी उरलेल्या वाटीवर शेंगदाण्याच्या तेलात कालवलेला कांदा-लसूण मसाला ओतला आणि भाकरी मागितली. मी ओरडणार होते, तर भाची म्हणाली, "ओरडू नको मावशी, चीनमध्ये सिचुआनला असंच तिखट तेल घालून खातात."