मेसॉन : जुनी बिल्ड उपसणाऱ्यांसाठी एक परीक्षण

मुक्तस्रोत प्रकल्पात वर्षानुवर्षे साचलेल्या डिपेंडन्सी, म्हणजे प्रकल्प ज्यांवर अवलंबून असतो त्या बाहेरच्या लायब्ररी, काढायच्या, तर आधी त्या दिसायला हव्यात. मेसॉन ही बिल्ड सिस्टिम (सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम बांधणारे साधन) मला मोलाची वाटते ती मुख्यतः याच कारणासाठी. तिच्या वेगाचे कौतुक बरेच होते आणि ते रास्तही आहे, पण माझ्या मते तो दुय्यम गुण आहे.

ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड साधनांवर बेतलेल्या प्रकल्पात ‘कॉन्फिगर’ ही संगणक तपासणारी स्क्रिप्ट चालवली की पडद्यावर तपासण्यांची लांबलचक यादी सरकत राहते. ‘स्ट्रिंग डॉट एच’ ही सी भाषेची मूलभूत हेडर फाइल आहे का, हेही त्यात तपासले जाते, आणि ती नसलेला कामाचा संगणक आज शोधूनही सापडायचा नाही. या तपासण्या करणारी हजारो ओळींची ही शेल स्क्रिप्ट एम-फोर या भाषेतल्या मॅक्रोंमधून, म्हणजे साच्यांमधून, आपोआप तयार होत असल्यामुळे ती सहसा कोणी वाचत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या, एक्सझेड या फाइल-संकोचन साधनात चोरवाट पेरल्याच्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (प्रकाशित सोर्सच्या गठ्ठ्यात) जी फेरफार केलेली एम-फोर फाइल घुसवली होती, ती सर्वांना दिसणाऱ्या गिट रिपॉझिटरीत (कोडच्या मूळ साठ्यात) नव्हतीच. न वाचल्या जाणाऱ्या जागेचा याहून घातक उपयोग क्वचितच झाला असेल.

मेसॉनमध्ये डिपेंडन्सी नावानिशी आणि हवी तर किमान आवृत्तीसह एका ओळीत लिहिता येते, आणि ती ऐच्छिक असेल तर तिचा पर्याय वेगळ्या फाइलीत मांडता येतो. या भाषेत स्वतःची फंक्शने लिहिता येत नाहीत आणि सोर्स फाइली वाइल्डकार्डने (‘या प्रकारच्या सगळ्या’ अशा चिन्हाने) गोळा करण्याचीही सोय नाही. सुरुवातीला हे जाचक वाटते. मात्र प्रत्येक फाइल नावाने लिहावी लागल्यामुळे बिल्डमध्ये नेमके काय आहे हे त्रयस्थालाही कळते, आणि हा निर्बंध मला पूर्णपणे पटतो.

सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक गणन लायब्ररीचे उदाहरण बोलके आहे. पायथनने ३.१२ या आवृत्तीत, २०२३ साली, डिस्टयूटिल्स हे पॅकेजे बांधण्याचे जुने साधन काढून टाकले; पण सायपायने त्याआधीच, २०२२ च्या १.९ आवृत्तीपासून, मेसॉन स्वीकारले होते, तेही सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान आणि सायथन या भाषा एकत्र नांदणाऱ्या कोडसाठी. आपली देवनागरी जोडाक्षरे अनेक प्रणालींवर नीट जुळवून देणारे हार्फबझही आज मेसॉनने बांधले जाते.

तरीही नुसत्या स्थलांतराने घर स्वच्छ होत नाही. जुन्या कॉन्फिगरमधली प्रत्येक तपासणी ओळीला ओळ लावून उतरवली, तर अडगळ तशीच नव्या जागी येते. म्हणून तपासणीचा निकाल कोडमध्ये कुठे वापरला जातो ते आधी ग्रेप करून (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) पाहावे, आणि वापर नसेल तर ती ओळ उतरवूच नये. मेसॉन हे काम आपल्यासाठी करत नाही.

दोन गोष्टी मला खटकतात. मेसॉन पायथनमध्ये लिहिलेले असल्यामुळे अगदी मूलभूत सी लायब्ररी बांधण्यासाठीही आधी पायथन लागते, आणि शून्यातून प्रणाली उभी करणाऱ्यांना हा भार जाणवतो. दुसरे म्हणजे रॅपची सोय: प्रकल्पात तशी तजवीज असेल, तर प्रणालीत न सापडलेली लायब्ररी मेसॉन स्वतःच उतरवून घेते. नवख्याला त्याने दिलासा मिळतो, पण वितरणासाठी पॅकेज करणाऱ्याने रॅप मोडला ‘नोडाउनलोड’ हे मूल्य देऊनच सेटअप चालवावा.