कोकणातल्या वाड्यांत गाडीचं नेव्हिगेशन यंत्र: पावसाळा, शिमगा आणि आंब्याचा हंगाम वापरून झाल्यावर

काचेला चिकटवायचं, पाच इंची पडद्याचं वेगळं नेव्हिगेशन यंत्र आता कशाला, फोन आहे की हातात, असं मला दुकानदारानंही विचारलं होतं. गेल्या मे महिन्यात घेतलेल्या यंत्रावर आता पूर्ण पावसाळा गेला, गणपती आणि शिमगा झाला, आंब्याचा हंगामही संपत आलाय. आता उत्तर देता येईल. अनोळखी ठिकाणचा रस्ता शोधून द्यायला हे यंत्र कोकणात कच्चं आहे. पण तुम्ही एकदा पाहिलेली जागा लक्षात ठेवून काळोखात, धुवांधार पावसात, मोबाइलला रेंज नसताना तिथं परत नेण्यात ते पक्कं आहे. मला याच दुसऱ्या कामासाठी त्याची गरज होती, त्यामुळे मी समाधानी आहे.

माझं काम बोअरवेलचे पंप, इन्व्हर्टर आणि सौर पॅनल दुरुस्तीचं. रत्नागिरीहून निघायचं, कधी वर गुहागरकडे, कधी खाली पावस-आडिवऱ्याच्या बाजूला. गिऱ्हाईक वाडीत राहतं, आणि वाडी डांबरी रस्ता संपल्यावर सुरू होते. पत्ता मिळतो तो असा: देवळाच्या मागच्या उतारानं खाली या, वडाकडून डावीकडे, गडगा संपला की बेडं दिसेल. (गडगा म्हणजे दगडी कुंपण, बेडं म्हणजे अंगणाचं फाटक.) हे कुठल्या यंत्रात कसं टाकणार? नुसतं गावाचं नाव टाकलं तरी अडचण. रत्नागिरीला लागून एक शिरगाव आहे, चिपळूण तालुक्यात एक आहे आणि देवगडात आणखी एक. यंत्र तिन्ही समोर ठेवतं आणि तालुका नीट वाचला नाही तर भलत्याच दिशेला काढतं. त्यात टंकायची अक्षरं रोमन. वेळणेश्वर ‘व्ही’नं सापडलं नाही तर ‘डब्ल्यू’नं शोधायचं, हर्णै तर दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघायचं. याला इलाज एकच: घरून निघण्यापूर्वी गाव शोधून जतन करून ठेवणं.

यंत्राचं आणि कंपनीचं नाव देत नाही. इथं लिहिलेलं बहुतेक सगळं या प्रकारच्या कुठल्याही यंत्राला लागू पडतं.

आधी सिग्नलचं सांगतो, कारण नव्या माणसाचा गोंधळ तिथं होतो. सकाळी गाडी सुरू केली की यंत्र लगेच जागा दाखवत नाही आणि लोकांना वाटतं ते बिघडलंय. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो, आणि ती माहिती साधारण चार तास वापरता येते. गाडी रात्रभर उभी असली की यंत्राकडची माहिती शिळी होते. मग किमान चार उपग्रहांकडून ती नव्यानं, मध्ये न तुटता ऐकावी लागते. आमच्या पडवीसमोर फणस आणि आंबा, मागे माड. पावसात ओल्या पानांखाली सिग्नल तुटतो आणि तुटला की ऐकणं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी गाडी बाहेर काढून उघड्या आभाळाखाली जरा उभी करतो, एका जागी स्थिर. मिनिटभरात काम होतं. फोन हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून मागवून घेतो, म्हणून तो चटकन जागा सांगतो. जिथं रेंज नाही तिथं फोनलाही आभाळाकडेच बघत बसावं लागतं.

सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, गेलात की प्रश्नच नाही. चारही बाजूंनी मोकळं आभाळ, जागा पाच मीटरच्या आसपास बरोबर. खाली खाडीकाठी, दोन्ही बाजूंना उंच धार आणि वर झाडं असतील तिथं मात्र हेच यंत्र गाडी शेजारच्या रस्त्यावर दाखवतं. कशेडीच्या बोगद्यात सिग्नल जातो, ते होणारच. पण माझ्या यंत्रातल्या नकाशात तो बोगदाच नव्हता. आत शिरायच्या आधीपासून यंत्रातून बोलणाऱ्या बाई घाट चढायला सांगत होत्या. महामार्ग 66 वरचे नवे पूल आणि वळणरस्ते यांची तीच कथा: आपण नव्या कोऱ्या काँक्रीटवर आणि पडद्यावर गाडी शेतातून चाललेली. नकाशा अद्ययावत केल्यावर बरंच सुधारलं, सगळं नाही. विकत घेताना नकाशाचे पुढचे बदल फुकट मिळणार का आणि किती वर्षं, हे बिलावर लिहून घ्या. मला तोंडी एक सांगितलं गेलं आणि नंतर दुसरंच निघालं.

आता पाखाडीबद्दल. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, वाडीतून देवळाकडे किंवा खाडीकडे उतरणारी. नकाशा करणाऱ्यानं उपग्रहाच्या चित्रावरून रेघ ओढली असावी, कारण माझं यंत्र काही पाखाड्यांना सरळ रस्ता समजतं. ‘सर्वांत जवळचा मार्ग’ ही निवड चालू असेल तर हमखास. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत संध्याकाळी मला उजवीकडे वळायला सांगितलं. वळण बरोबर होतं, गाडीभर रुंद होतं, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. थोडं पुढं गेल्यावर एक आजी काठी उंचावून उभ्या राहिल्या. ‘बाबा, पुढं नको नेऊ, पाखाडी हाय ती. गाडी हितंच ठेव नि चालत जा.’ मागे सरकताना आरशात गडगा आणि बाजूला गटार, दिव्यांचा उजेड पुढच्या पायऱ्यांवर. त्या दिवसापासून ‘सर्वांत जवळचा मार्ग’ बंद, ‘सर्वांत जलद’ चालू, आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ हेही चालू. कोकणात ही दोन बटणं पहिल्या दिवशीच बदला.

वेळेचा अंदाज मात्र कुठल्याच बटणानं सुधारत नाही. यंत्र रस्त्याच्या वर्गावरून वेग धरतं. सागरी महामार्ग कागदावर राज्य महामार्ग आहे, म्हणून ते त्याच हिशेबानं वेळ सांगतं. प्रत्यक्षात तो रस्ता गावातून, बाजारातून, देवळाच्या अंगणाला लागून जातो आणि समोरून एसटी आली की एकानं थांबायचं. मी सांगितलेल्या वेळेत निम्मी वेळ आणखी मिळवतो, मग गिऱ्हाइकाला कळवतो.

फेरीबोटीवर मात्र हे यंत्र समज दाखवतं. रत्नागिरीहून गुहागरकडे जायला तीन वाटा: जयगडला फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरायचं, किंवा जाकादेवीवरून राई-भातगाव पुलानं आबलोलीकडे निघायचं, नाहीतर चिपळूणचा लांबचा वळसा. यंत्र तिन्ही ओळखतं. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला आणि आगरदांडा-दिघी या फेऱ्याही नकाशात तुटक रेषेनं दाखवलेल्या आहेत. पण बोट कधी सुटते, शेवटची कधी, आज ओहोटीमुळे किंवा वाऱ्यामुळे बंद आहे का, यातलं त्याला काहीही ठाऊक नाही. जेटीवर पोचलो की लगेच पलीकडे, असंच ते धरून चालतं. सेटिंगमध्ये ‘फेरीबोट टाळा’ असं एक बटण असतं. जूनपासून मी ते चालू ठेवतो, दिवाळीनंतर बंद करतो. पावसाळ्यात संध्याकाळच्या कामाला भातगावचा पूलच बरा.

यंत्राचा माझा खरा वापर जागा जतन करण्याचा आहे. हे मला रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरावरच्या एका ओळखीच्या तांडेलानं, म्हणजे होडीच्या प्रमुखानं, शिकवलं. त्याच्या होडीवर जीपीएस कित्येक वर्षांपासून आहे. मी रस्त्याची तक्रार करत होतो तेव्हा तो म्हणाला, ‘पाण्यात रस्ता कुठाय? आमी जागा मारून ठेवतो. मासा मिळाला ती एक, जाळं फाटलं ती दुसरी.’ मी तेच सुरू केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन जागा जतन करतो: एक घराची, एक गाडी जिथं ठेवता आणि वळवता येते तिथली. दुसरी जास्त महत्त्वाची. अवजारांची पेटी आणि पंपाची मोटर घेऊन किती चालायचंय, ते तिच्यावरून कळतं. तिसरी यादी पावसात पाण्याखाली जाणाऱ्या साकवांची (ओढ्यावरच्या लहान पुलांची) आणि मोऱ्यांची. चौथी रेंजची. वाडीत फोन लागत नाही, पण वर सड्यावर एखाद्या ठरावीक वळणावर दोन काड्या येतात. तिथं थांबून गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि मगच खाली उतरायचं. या चौथ्या यादीनं माझ्या किती फुकट फेऱ्या वाचल्या असतील!

हल्ली लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जागा पाठवतात, त्यातले अक्षांश-रेखांशाचे आकडे यंत्रात हातानं भरावे लागतात. इथं एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. फोनवरचे आकडे अंशांच्या दशांशात असतात. समजा आलंय 17.50. याचा अर्थ साडेसतरा अंश, म्हणजे 17 अंश 30 मिनिटं. यंत्र अंश-मिनिटांच्या रूपात मागत असेल आणि आपण 17 अंश 50 मिनिटं भरली, तर 20 मिनिटांचा फरक. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. म्हणजे थेट 37 किलोमीटर उत्तरेला. होडीवरची यंत्रं बहुधा अंश-मिनिटांत लावलेली असतात, त्यामुळे बंदरावरच्या माणसानं आकडे सांगितले तर आधी विचारून घ्यायचं. यंत्राच्या सेटिंगमध्ये रूप बदलता येतं. मी ते अंशांच्या दशांशावर कायम ठेवलंय आणि दशांश चिन्हानंतर पाच अंक भरतो. चार अंकांपर्यंत भरलं तरी अकरा मीटरपर्यंतच फरक पडतो, पण वाडीत अकरा मीटरवर दुसऱ्याचं बेडं असतं.

या जागांची प्रत संगणकावर ठेवाच. पावसाळ्यात यंत्र एकदा चालू होईना, दुरुस्तीला पाठवलं. अधिकृत सेवा केंद्र इथं नाही, पार्सल करावं लागलं, आणि बऱ्याच आठवड्यांनी परत आलं ते कोरं होऊन. न विचारता सगळं पुसलं होतं. याचा मला अजून राग आहे, कारण एक फोन करायला काय हरकत होती? जतन केलेल्या जागांची जीपीएक्स फाइल संगणकावर होती म्हणून सगळ्या जागा परत भरता आल्या.

काचेला धरणारा रबरी चोखण (सक्शन कप) हा या यंत्राचा सर्वांत कमजोर भाग. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रबर मऊ होतं, जुलैत काचेला आतून दमटपणा धरतो, दोन्ही वेळा यंत्र खाली येतं. काच आणि रबर कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करून लावलं की बराच काळ टिकतं. उन्हात गाडी ठेवताना यंत्र काढून सोबत न्या. उष्णतेनं आतली बॅटरी लवकर म्हातारी होते, माझी आता तारेशिवाय जेमतेम अर्धा तास चालते. खारी हवा जोडणीच्या टोकांवर हिरवट थर आणते, ते अधूनमधून पुसायचं. आणि तार सोबत आलेलीच वापरा. साध्या डेटा केबलनं गाडीच्या यूएसबीला लावलं तर माझ्या यंत्राला वाटतं आपण संगणकाला जोडलेलो आहोत, आणि ऐन रस्त्यात नकाशा बंद करून ते बसून राहतं.

राहिला फोन. त्याला नावं ठेवायची नाहीत. फोनचा जीपीएसही रेंजशिवाय चालतो, नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, आणि जगबुडी-वाशिष्ठीचं पाणी चढलंय का, परशुराम घाटात वाहतूक थांबलीय का, हे फोनच सांगतो. यंत्राला यातलं काही कळत नाही. पावसाळ्यात खेड-चिपळूणकडे निघताना फोनवर चौकशी केल्याशिवाय मी गाडी काढत नाही. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस नव्हते. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणातही तीच गत झाली. अशा वेळी फोनमधली बॅटरी बोलण्यासाठी राखून ठेवावीशी वाटते, रस्ता बघण्यात ती संपवायला जीव होत नाही. रोजच्या दिवशीही गिऱ्हाइकाचा फोन आला की नकाशा मागे जातो, तो नेमका अरुंद वळणावर. वेगळं यंत्र गाडीच्या विजेवर चालू राहतं आणि त्याला कुणाचा फोन येत नाही.

सुट्टीत गणपतीपुळ्याला किंवा मालवणला येणाऱ्यांनी यावर पैसे घालू नयेत, फोन पुरेसा आहे. रोज वाड्यांतून फिरणारे डॉक्टर, पशुवैद्य, आंब्याची गाडी भरणारे, गॅस पोचवणारे, अशांनी जरूर घ्यावं. जुनं स्वस्तात मिळत असेल तर दुकानाबाहेर उघड्यावर नेऊन चालू करा, उपग्रह सापडू द्या आणि मग तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024 झाला की पुन्हा शून्यावर येतो, तसा तो 6 एप्रिल 2019 च्या रात्री आला होता. तेव्हापासून काही जुनी यंत्रं कित्येक वर्षं मागची तारीख दाखवतात आणि पोचायच्या वेळेचा हिशेबही बिघडवतात. तारीख बरोबर असेल, मेमरी कार्डाची खाच असेल आणि मूळ तार सोबत देत असतील, तरच पैसे द्या.